टेक ओव्हर म्हणजे काय ते मी सांगते

तुला इंग्रजी येत नाही, असं मला आयुष्यात पुष्कळांनी सांगितलं. सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते येत होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. पण एकदा ज्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, अशाच माणसासमोर उभी राहून मी म्हणाले, सर, तुम्ही चुकताय.

माझं माहेर मुरगूडजवळचं. शाळा मराठी. इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही असं की गुरुजी प्रत्येक वाक्य आधी मराठीत सांगायचे आणि इंग्रजी फळ्यावर राहून जायचं. कॉलेज बाहेरून केलं. लग्न होऊन कसबा बावड्यात आले आणि एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिंगला लागले. त्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्याकडं लोखंड वितळवून पंपांचे भाग ओततात आणि त्यातला बराच माल परदेशी जातो. त्यामुळं माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद इंग्रजीत.

मोठ्या शब्दांनी मला कधी फारसं अडवलं नाही. ते डिक्शनरीत सापडायचे आणि सापडले की तिथंच राहायचे. छळलं ते बारक्या शब्दांनी. टेक म्हणजे घेणं हे पाचवीतच कळलं होतं. पण टेकच्या मागं ऑफ लागला की विमान उडायचं, आणि त्याच ऑफनं माणूस पायातले बूट काढायचा. मागं इन लागला की कुणीतरी कुणाला तरी फसवलेलं असायचं. मी एक जाड डिक्शनरी घेतली, तर एकट्या टेकलाच त्यात कितीतरी पानं. मग मी एक वही केली. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला तो कुणी, कुठल्या पत्रात, कशासाठी वापरला ते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आईला गावातल्या कुठल्या बाईचं ‘बघू’ म्हणजे हो आणि कुठल्या बाईचं ‘बघू’ म्हणजे नाही हे पक्कं ठाऊक असायचं. मी तेच गिऱ्हाइकांबाबत करत होते.

आमच्या फाउंड्रीचे मालक वारणेकाठच्या शेतकरी घरातले, दहावी झालेले. लोखंडाचा रंग बघून ते ओतायला तयार आहे की नाही हे सांगतील, पण इंग्रजी कागद हातात आला की चष्मा शोधायला लागायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याहून एक मॅनेजर आणले. तरुण, हुशार, बालवाडीपासून इंग्रजी शाळेत शिकलेले. माणूस वाईट नव्हता. पण आल्या आल्या त्यांनी नियम केला की माझं कुठलंही पत्र त्यांनी वाचल्याशिवाय जायचं नाही, आणि गेलं तरी खाली नाव त्यांचंच असेल.

एका मंगळवारी सकाळी जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा रात्री आलेला मेल दिसला. त्यांच्यासाठी आमच्या मिस्त्रींनी चार महिने खपून दोन नवे पॅटर्न बनवले होते. पॅटर्न म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना. त्याच्याभोवती वाळू ठोकून साचा तयार करतात. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, आणि तो ज्या फाउंड्रीत असेल तिथंच काम चालतं. मेलमध्ये लिहिलं होतं की पुढच्या गुरुवारी आमचा इंजिनिअर येईल आणि दोन्ही पॅटर्न टेक ओव्हर करेल, सगळं तयार ठेवा.

मॅनेजरांनी मेल वाचला, छापून घेतला आणि थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. गिऱ्हाईक पॅटर्न ताब्यात घेऊन दुसऱ्या फाउंड्रीला देणार, असा अर्थ त्यांनी मालकांना सांगितला होता. तासाभरात ही बातमी भट्टीपर्यंत पोचली. मिस्त्री निपाणीकडचे, साठीला आलेले, घरात कानडी बोलणारे. ते हातातलं काम टाकून ऑफिसच्या पायरीवर येऊन बसले. साच्याच्या पोकळीत बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीआधीच माझ्याकडं आल्या. दुसरीकडं काम बघायला लागायचं का, एवढंच त्यांनी विचारलं.

मी मेल पुन्हा वाचला आणि वही उघडली. त्या जर्मन इंजिनिअरनं हे दोन शब्द आधीही वापरले होते. एकदा लिहिलं होतं की मशीनिंग तुम्ही टेक ओव्हर करा, म्हणजे ते काम तुम्ही अंगावर घ्या. एकदा आमची एक सूचना त्यानं टेक ओव्हर केली होती, म्हणजे मान्य केली होती. दोन्ही वेळा कुणी कशाचा ताबा घेतला नव्हता. वही घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले, मॅनेजरही तिथंच बसले होते.

मॅनेजरांनी माझं निम्मंच ऐकलं. “मॅडम, टेक ओव्हर म्हणजे ताबा घेणं,” ते म्हणाले. “कुठल्याही डिक्शनरीत बघा.”

“डिक्शनरी इंग्रजांची हाय सर,” मी म्हणाले. “पत्र जर्मन माणसाचं हाय.”

ऑफिसात मी जपून बोलायची. त्या दिवशी तोंडातून गावाकडचा हाय गेला आणि मी तो परत घेतला नाही. मी मालकांना सांगितलं की हा माणूस मनात आपल्या भाषेत बोलतो आणि त्याला इंग्रजी कपडे घालून पाठवतो. त्यालाच विचारू, तुझं म्हणणं काय. मॅनेजरांना ते पटेना. एवढं साधं इंग्रजी यांना कळत नाही असं गिऱ्हाइकाला वाटलं तर उरलेलं कामही जाईल, असं त्यांचं म्हणणं. मालक एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिले. शेवटी मला म्हणाले, ताई, तुमी जरा बाहेर बसा.

बाहेर आल्यावर मॅनेजरांनी मला बजावलं की माझं काम टाईप करण्याचं आहे, अर्थ लावण्याचं नाही. या विषयावर एकही मेल जाता कामा नये.

मी खुर्चीत बसले. खिडकीतून पायरीवरचे मिस्त्री दिसत होते. ज्या माणसानं चार महिने लाकूड तासलं, त्याला कुणी विचारायलाही तयार नव्हतं की ते लाकूड खरंच जाणार आहे का. मी तीन वाक्यांचा मेल लिहिला. टेक ओव्हर म्हणजे तुम्ही पॅटर्न तपासून पसंत करणार आहात, की घेऊन जाणार आहात? आमच्या लोकांना हे आजच कळायला हवं. उत्तराची वाट बघते. खाली माझं पूर्ण नाव टाकलं. मग उठून मॅनेजरांच्या टेबलासमोर गेले.

“मी मेल पाठवतेय,” मी म्हणाले. “चोरून पाठवायचा नव्हता म्हणून सांगायला आले.”

याचं लेखी उत्तर द्यावं लागेल, असं ते म्हणाले. देईन, मी म्हणाले, आणि परत येऊन मेल पाठवला.

पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्या नावाचा मेमो लिहिला. पण ऑफिसात टायपिंग करणारी मी एकटीच, त्यामुळं तो टाईप करायला माझ्याकडंच आला. मी नीट टाईप केला, छापला, सहीसाठी त्यांच्यापुढं ठेवला, आणि सही झाल्यावर माझी प्रत मी घेतली. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

दुपारी, तिकडं सकाळ झाल्यावर, उत्तर आलं. इंजिनिअरनं आधी माफी मागितली होती. त्यांच्या भाषेत तो एकच शब्द आहे, त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की टेक ओव्हर होतं. तो येऊन पॅटर्न तपासणार, पसंत करून सही देणार, आणि ते आमच्याकडंच राहणार. पुढचं काम तर त्यांच्यावरच सुरू व्हायचं होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं की इतक्या वर्षांत त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं, सगळे ओके म्हणतात आणि मग आपल्याला वाटेल ते करतात.

मी ते मालकांना मराठीत वाचून दाखवलं. मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हंजे न्हेणार न्हाय?”

“न्हाय. बघणार, पसंत करणार आणि हितंच ठेवणार.”

मालक स्वतः उठून पायरीपर्यंत गेले आणि मिस्त्रींच्या शेजारी बसले. त्यांचं काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. मॅनेजर माझ्याजवळ उभे होते. ते म्हणाले की ठीक आहे, पण त्या माणसाचं इंग्रजी चुकीचंच आहे. मी म्हणाले, असेल सर, पण आपली भट्टी त्याच्या चुकीच्या इंग्रजीवर पेटते.

गुरुवारी तो इंजिनिअर आला. उंच, टक्कल पडलेला, स्वतःची बॅग स्वतः उचलणारा. दोन तास त्यानं पॅटर्न मोजले आणि सही केली. जेवणाआधी मी त्याला तो शब्द विचारला. त्यानं खाली बसून साच्याच्या वाळूत बोटानं लिहिला आणि दाखवलं की त्यांच्याकडं बारका शब्द क्रियापदाच्या पुढं चिकटतो, इंग्रजीसारखा मागं नाही. मी सांगितलं की आमच्याकडं क्रियापदाच्या मागं आख्खं दुसरं क्रियापदच येऊन उभं राहतं. करून टाक वेगळं, करून बघ वेगळं, करून घे वेगळं, आणि काम एकच. मिस्त्रींना मी हे समजावलं तेव्हा ते पहिल्यांदा खुलले. कानडीत पण असंच हाय की, म्हणाले, माडिबिडु, माडिनोडु, माडको. त्या जर्मन माणसानं ते तीनदा म्हणून बघितलं. त्याचे उच्चार ऐकून कोअरच्या बायका हसल्या, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

जिला आम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीतली अडचण समजून लाजत होतो, ती अडचण जर्मनाला होती, आम्हाला होती, कानडी मिस्त्रींना होती. लाजत होतो ते फक्त आम्ही. त्या दिवसापासून मी लाजणं बंद केलं.

मेमो मात्र तसाच राहिला. मालक म्हणाले, जाऊ दे की ताई, झालं ते झालं. मी जाऊ दिलं नाही. एक तर मेमो फाईलमधून काढा, नाहीतर माझं उत्तर त्याला जोडा, असं सांगितलं. मॅनेजर काढायला तयार नव्हते. मग मी एक पानभर उत्तर लिहिलं, इंग्रजीत, कुणाला न दाखवता. त्यांनी ते वाचून एका ठिकाणी लाल खूण केली. चूक माझीच होती, चुकीचा बारका शब्द पडला होता. मी ते पान दुरुस्त न करता, लाल खुणेसकट, फाईलला लावलं. मॅनेजरांनी कागद उलटा करून ठेवला, पण काढला नाही. पुढच्या महिन्यापासून जर्मनीची सगळी पत्रं माझ्या नावानं जायला लागली. पगारपत्रकावर हुद्दा टायपिस्ट हाच आहे, आणि दर वर्षी मी तो बदलून मागते.

त्यानंतर कोअरच्या बायकांनी इंग्रजी शिकवायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसलो, तर गोंगाट होतो अशी तक्रार गेली. मग आम्ही कँटीनच्या मागच्या ओट्यावर बसायला लागलो. तिथं ऊन येतं, भट्टीची धग येते, आणि आवाज कितीही चढला तरी कुणाला काही म्हणता येत नाही. या आठवड्यात आमचं पुट, म्हणजे ठेवणं, चाललंय. त्याला चिकटणारे बारके शब्द किती आहेत ते अजून मोजून संपले नाहीत.