मामाजींना मी सोडलेली चाल

मामाजी मरणार, हे मामाजींना माझ्यामुळं कळलं.

तोंडातून एक शब्द काढला नव्हता मी.

ते गेले त्याला आज वर्ष झालं.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. उमरेडला घरचा हातमाग होता तोवर लुगडी विणली. माग मोडला, मग एका कंपनीत फिटर म्हणून रिटायर झाले. स्वभाव एकदम कडक. नाद एकच, नवकांकरी.

ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी सांगते. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मधोमध रेघांनी जोडलेले. नऊ बटणं तुमची, नऊ माझी. तीन एका रेषेत आली की समोरच्याचं एक उचलायचं. समोरच्याकडं दोनच उरली की तो गेला.

मी सात वर्षांची होते तेव्हापासून त्यांनी मला हरवलंय. दया नाही, माया नाही. मी भोकाड पसरायचे.

मामी ओरडायची, "लेकरू आहे, एखाद्या वेळी हरा न बाप्पा!"

"काहून? खोटं जिंकून काय करन ते?"

आणि मग शिकवायचे. "कोपरा काहून धरून राहिली वं? कोपऱ्यातून दोनच वाटा निघतात. मधल्या चौकोनाचा चौक धर, चार निघतात. आपलं नंतर पाहू, आधी त्याच्या वाटा बंद कर."

बारावीत मी त्यांना पहिल्यांदा हरवलं. अख्ख्या मोहल्ल्यात सांगून आले. मी नाही, ते!

त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना सूट दिली नाही. तापातही नाही. माझ्या हळदीच्या दिवशीही नाही.

मग त्यांचा रिपोर्ट आला. लिव्हर. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन महिने.

घरच्यांनी ठरवलं, त्यांना सांगायचं नाही. धसका घेतील. "पोटात सूज आहे, गोळ्यांनी उतरेल" असं सांगायचं. मीही मान हलवली. आपल्याकडं असंच तर करतात सगळे.

दवाखाना जवळ पडतो म्हणून मामा-मामींना बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. एका दुपारी हॉलमधे पट मांडला. अंग पार गळालं होतं त्यांचं, पण डोकं शाबूत.

त्यांची तीनच बटणं उरली होती. माझी दोन रेषेत, तिसरं अगदी बाजूला. एक सरकवलं की डाव संपला. आंधळ्यालाही दिसावं असं.

मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. सुया टोचून टोचून काळंनिळं झालेलं.

नाही सरकवलं गेलं माझ्याच्यानं. भलतंच बटण हलवलं.

मामाजी पटाकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं.

"दिसलं नाही का तुले?"

"नाही न मामाजी."

"खोटं नको बोलू वं. हे तर तुले आठव्या वर्षी दिसे."

मी बाजूला काढलेली बटणं मोजायला लागले.

"काय निघालं रिपोर्टात?"

"सूज" म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. मूर्खासारखी. घरातल्या सहा मोठ्या माणसांनी सांभाळलेली गोष्ट मी एका बटणानं सांगून टाकली.

ते रडले नाहीत. माझं बटण उचलून जागेवर ठेवलं.

"वापस खेळ. नीट खेळ."

मी खेळले. त्यांचं बटण उचललं. जिंकले. इतकं घाण जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मग हळूच म्हणाले, "मले समजलं म्हणून कोणाले सांगू नको. मी खुश आहो असं त्यायले वाटते, तर वाटू दे."

पुढचे दोन महिने ते मामीला रोज विचारायचे, "सूज उतरून राहिली न वं?"

मामी म्हणायची, "हो, उतरून राहिली."

मी तिथंच बसलेली असायचे. काय करू शकत होते मी? काही नाही. चहा ठेवायला उठायचे.

ते गेले त्या दिवशी मामी माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "एक बरं झालं वं बाई. शेवटपर्यंत त्यायले काही समजलं नाही."

मी म्हटलं, "हो मामी."

मामी फेसबुकवर नाही, म्हणून इथं लिहितेय. घरच्या कोणी वाचलं, तर तिला दाखवू नका.

मामाजी, आपल्याकडं भाचीचा मान मोठा, मामा तिच्या पाया पडतो. आज मी तुमच्या पाया पडते.