कोंबडीकाकूंची अंडी

कोंबडीकाकूंना खोटं बोलायला अजिबात जमत नसे, आणि तरी वर्षभर त्यांनी पोटच्या पोराला झुलवत ठेवलं होतं. करतात काय बिचाऱ्या! नवरा गेल्यापासून पोराचा एकच धोशा: शेत विकू, तू माझ्याकडे ये. फोनवर "नाही" म्हणायला काकूंची जीभ रेटत नसे. मग त्या म्हणायच्या, "अरे, कालच कोंबडी बसवलीय अंड्यांवर. पिल्लं तरी निघू देत!" पिल्लं निघाली की ती लहान असायची. जरा मोठी झाली की दुसरी कोंबडी खुडूक व्हायची. खुडूक कोंबडी अंड्यांवरून हलत नाही, आणि तिच्या जिवावर काकूही हलत नव्हत्या.

पण मुंगसानं कोंबडा नेला आणि पंचाईत झाली. कोंबड्याशिवाय अंड्यांत जीव येणार कुठून? नवा कोंबडा मिळायच्या आतच फोन आला. काकूंनी तसलीच अंडी टोपलीत पेंढ्यावर मांडली आणि कोंबडी बसवली. निदान अर्धं तरी खरं बोलल्यासारखं होईल!

आठवड्याभरानं पोरगा न कळवता गाडी घेऊनच आला. "चल आई, सामान भर."

"अरे, पण अंडी..."

"बघू दे." तो खुराड्यात वाकला. कोंबडी टोचत होती तरी त्यानं एक अंडं काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. जीव धरलेल्या अंड्यात दिसतात तशा शिरा नाहीत, ठिपका नाही, नुसता पिवळा उजेड. दुसरंही तसंच. मेलं, हे बघायला काकूंनीच त्याला लहानपणी शिकवलं होतं!

"कोंबडा कुठाय?"

"मुंगसानं नेला." काकूंचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे मला मूर्ख बनवत होतीस?" तो भडकला. "यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस ना!"

"आणि तू सरळ विचारलंस कधी?" काकूही उसळल्या. "खोली रंगवली, सांगतोस. शेताला गिऱ्हाईक आलंय, सांगतोस. आई, येतेस का, असं एकदा तरी विचारलंस?"

बोलून गेल्या आणि त्यांच्याच काळजात चर्र झालं. एकुलता एक लेक. रागानं तसाच निघून गेला तर?

तो खुराड्याच्या दारात मातीतच बसला. मग हळूच म्हणाला, "आई, येतेस का माझ्याकडे?"

"नाही रे राजा," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.