उसना स्क्रू ड्रायव्हर

ड्रॉवर आवरताना आज पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर सापडला आणि माले गावातली मित्राची ती भाड्याची पत्र्याची खोली आठवली. लिनक्समध्येही फार गर्दी झाली म्हणून माझा हा मित्र संगणकावर युनिक्सच्या वळणाची, फारसं कुणी वापरत नाही अशी एक चिमुकली सिस्टीम वापरायचा आणि उरलेल्या जगाची कीव करायचा. माझा लॅपटॉप मेला होता. त्याच्या हार्ड डिस्कवर माझ्या पुस्तकाची एकुलती एक प्रत होती आणि ती दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायची होती. मित्राने डिस्क स्वतःच्या मशीनमध्ये बसवली. पडद्यावर उमटलं, डिस्क सापडली नाही. "सिस्टीम बरोबर आहे, तुझी डिस्क चुकीची आहे," तो म्हणाला. दुसरी सिस्टीम लावणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं आणि डिस्क परत देणं म्हणजे हार, म्हणून तिला ओळखणारा प्रोग्राम तो स्वतःच लिहायला बसला. पत्रा तापत होता, दाराशी म्हशी रवंथ करत होत्या, आणि मी खाटेवर ओलीस. चहा घेऊन आलेली घरमालकीण म्हणाली, "माझा पेनड्राईव्ह बी ह्यांच्या यंत्राला दिसंना. लेकीच्या लग्नाचे फोटू हायेत त्यात. दावतोच म्हनत्यात, पन परत देत न्हाईत. भाऊ, शेवटची यष्टी येतीय, तुमची डबी काढा आन पळा." मित्र मोबाईलला रेंज शोधत बांधावर गेला, तेवढ्यात मी मशीन बंद करून त्याच्याच स्क्रू ड्रायव्हरने डिस्क काढली आणि फाट्याकडे धावलो. स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. छापखान्यातल्या मशीनवर डिस्क लगेच दिसली, पुस्तक वेळेवर निघालं. स्क्रू ड्रायव्हर परत करायला हवा, पण तो प्रोग्राम अजून लिहून व्हायचाय म्हणे; गेलो तर बसावं लागेल.