आप्पांना टाईप केलेलं पत्र

स्वतःच्या बापाला तुम्ही कधी 'महोदय' म्हणून पत्र लिहिलं आहे का? मी लिहिलं आहे. वर जावक क्रमांक घालून.

आमचे आप्पा पुणतांब्यात कपडे शिवतात आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. (शिवण कमी, त्यामुळे पत्रकं पुष्कळ निघतात.) अक्षरं मी त्यांच्या पत्रकांवरच गिरवली. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, 'कर्ज हीच गुलामी'. आप्पांनी ते छाती फुगवून बाजारात वाटलं. आणि एकोणिसाव्या वर्षी मी मामांकडून आठशे रुपये कर्ज घेऊन नगरला गेलो, कार्यालयीन व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या कोर्ससाठी!

मामा म्हणत होते, भाच्याला पैसे देताना कागद कशाला. पण आप्पांना उपकार नको होते. पैसे फिटेपर्यंत शिलाई मशीन मामांकडे गहाण, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. मशीन राहिलं आमच्याच घरात, पण सगळ्या घराचं पोट त्या एका मशीनवर होतं, आणि ते गेलं तर माझ्यापायी जाणार होतं.

नगरला तेलाच्या घाण्यामागे खोली मिळाली. वर्गात मी सत्तावीस नंबर, खाणावळीत 'तो कोपऱ्यातला'. सदाशिव या नावानं दोन महिन्यांत मला एकानंही हाक मारली नाही. संध्याकाळी मी भिंतीसमोर भाषण करायचो. भिंतीचा विरोध नसे, पण पाठिंबाही नसे. रविवारी रुळांवरच्या पुलावर उभा राहून पुणतांब्याकडे जाणारी पॅसेंजर बघायचो. आपण रेल्वे कामगारांच्या हालअपेष्टांचं निरीक्षण करत आहोत, असं स्वतःला सांगायचो. (कामगार मजेत विड्या ओढत असत. हाल माझेच चालले होते.)

आता माझ्यासारख्या जहाल माणसानं घरची आठवण येते असं लिहायचं? छे! मी हिशोब मांडायला घेतला. आठशे रुपये पहिल्याच वर्षात संपणार, दुसऱ्या वर्षाला पुन्हा तेवढेच काढावे लागणार. नंतर नगरजवळच्या नागापूरला एखाद्या कारखान्यात कारकुनी लागलीच, तरी पगार दोनशेच्या आत. मिळकत धरताना मी हात आखडता घेतला. खर्च धरताना सढळ झालो, अगदी महिन्याला दोन जोड चपलांपर्यंत. शेवटी सिद्ध झालं की कर्ज फिटेपर्यंत मी चाळिशी ओलांडणार, आणि म्हणून मी उद्याच घरी परतलेलं बरं.

हे सगळं मी टंकलेखनाच्या तासाला, नुकत्याच शिकवलेल्या नमुन्यात टाईप केलं. 'विषय: शिक्षणार्थ घेतलेल्या कर्जाबाबत फेरविचार. महोदय, उक्त विद्यार्थ्याची भावी मिळकत पाहता सदर कर्ज बुडण्याचा संभव आहे. तरी रक्कम तत्काळ परत करण्यात यावी, अन्यथा शिलाई मशीन गमावण्याची पाळी येईल.' खाली सही केली. मूळ प्रत पाठवायची आणि कार्बनची प्रत फाईलला लावायची, असा धडा होता. मी सहीची मूळ प्रत फाईलला लावली आणि बिनसहीची कार्बन पोस्टात टाकली!

आमच्या घरी टाईप केलेला कागद त्याआधी एकदाच आला होता, तोही पोलिसांकडून. आप्पांनी हा कागद दोनदा वाचला आणि मामांनी नगरचा वकील लावला असं जाहीर केलं. माझा भाऊ असं करायचा नाही, असं आई सांगत राहिली. पण आप्पांनी तिला माझंच पत्रक वाचून दाखवलं. त्यात कर्ज देणारा तो सावकार, मग तो सख्खा असो वा चुलत, असं ठणकावून लिहिलेलं होतं.

त्याच दुपारी मशीनचा स्टँड सरपणाखाली गेला. मशीन खाटेवर आडवं करून त्यावर दोन गोधड्या पांघरल्या गेल्या. मामा सहज डोकावले, तेव्हा आईनं सांगितलं की लांबच्या चुलत सासूबाई आल्यात, ताप आहे, जवळ जाऊ नको. भल्या स्वभावाचे मामा दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन आले. चौथ्या दिवशीही म्हातारी कूस बदलेना, तेव्हा त्यांनी मला कार्ड टाकलं: घरी दुखणं फार वाढलंय, शेवंता (म्हणजे माझी आई) धड सांगत नाही, आप्पांचं शिवणकाम बंद आहे, ताबडतोब निघ.

शिवणकाम बंद, म्हणजे आप्पाच! मी मिळेल ती पॅसेंजर पकडली. घरात शिरलो तर मशीनची जागा रिकामी, खाटेवर गोधडीखाली कुणीतरी निपचित आणि उशाशी आई. माझ्यापायी मशीन गेलं आणि त्या धक्क्यानं आप्पांनी अंथरूण धरलं, हे मी क्षणात ओळखलं. टाहो फोडून मी त्यांच्या छातीवर अंग झोकून दिलं.

आप्पांची छाती ओतीव लोखंडाची होती.

डोळ्यांपुढचे काजवे विझले तेव्हा खरे आप्पा माझ्या कपाळावर हळद दाबत होते आणि मामा दारात मोसंबी घेऊन उभे होते. आप्पांनी वकिलाची नोटीस म्हणून माझीच कार्बन पुढे केली, तेव्हा मी सोबत आणलेली फाईल उघडून सहीची प्रत दाखवली. मामांनी ती वाचली आणि ते शांतपणे म्हणाले, "दाजी, म्हातारीला चार दिस मोसंबी चारली मी." मग ते खिशातला गहाणाचा कागद फाडायला निघाले. आप्पांनी तत्त्वासाठी तो हिसकावून घेतला आणि पुन्हा घडी घालून त्यांच्याच खिशात कोंबला.

आईला वाचता येत नाही. तिनं मला सगळं पत्र वाचायला लावलं. मी मिळकत वाचली, कर्ज वाचलं, खर्च वाचला. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"एवढं समदं लिवलंस," ती म्हणाली. "तुला तितं करमंना, व्हय रे सदा?"

त्या नावानं हाक ऐकली आणि मी कागद खाली ठेवला. "व्हय," मी म्हणालो. आजवरचं माझं सगळ्यात छोटं पत्रक.

आप्पांनी कागद उचलला. "मग तसं लिवायचं. येत जाईन की मी रईवारी," ते म्हणाले. "पन कोर्स सोडायचा न्हाई. आन ह्या म्हैन्याला दोन जोड चपला कुनाला लागत्यात?"

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. कर्ज वाढलं आहे, चपलांची जोडी तीच आहे. आप्पा जमेल त्या रविवारी येतात, जमत नाही त्या रविवारी मी पुलावर जातो.

तेव्हा वाचकहो, हे जाहीर आवाहन समजा. तुमचं कुणी परगावी एकटं राहत असेल, तर आजच त्याला एक कार्ड टाका. हातानं लिहा, त्याचं नाव घालून लिहा आणि करमतं का एवढंच विचारा. तसं कुणीच नसेल, तर मला टाका. निषेधाचं असलं तरी चालेल.