दोर हलला पाहिजे

मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका व्हिलाच्या गच्चीवर मी टाकीचा बॉलकॉक बदलत होतो, तेव्हा फोन वाजला. भर दुपार होती. मस्कतच्याच गाला भागातून आमच्या कंपनीचा ड्रायव्हर बोलत होता. "बार्थूभाय, सार्किसभाई नीचे गया... ऊपर नहीं आया." मी म्हटलं, काहीतरीच काय, सार्किसभाई खाली जातीलच कसे? ते तर वर थांबणारे. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिलो. तो हुंदके देऊन रडायला लागला तेव्हा कुठे मला कळलं. जिना मी बसत बसत उतरलो. महिना उलटून गेला, पण अजूनही जिना उतरायचा म्हटलं की कठडा घट्ट धरावा लागतो.

आमचं काम जमिनीखालच्या टाक्यांचं. इमारतींच्या टाक्या उपसायच्या, धुवायच्या, गळती बुजवायची. सार्किसभाई आमचे फोरमन. आर्मेनियन माणूस, पण जन्म सीरियातल्या हलब शहरातला. आर्मेनिया त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. मी वसईचा कॅथलिक, बाप्तिस्म्याचं नाव बार्थोलोम्यू. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकलं मात्र, त्यांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरलं. "तेरा संत हमारे मुल्क में मरा, मालूम? पूरा चमडी निकाला." कुठून कुठपर्यंत सोललं ते त्यांनी माझ्याच दंडावरून बोट फिरवून दाखवलं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की संत बार्थोलोम्यू कल्याण बंदरात उतरले आणि कोकणात शुभवर्तमान सांगून गेले. पुढे त्यांचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "तुम लोग ने अच्छा रखा, हमने मार डाला," असं म्हणून सार्किसभाई इतके खजील झाले, की जणू हे गेल्या आठवड्यात त्यांच्या चुलत्यानेच केलं होतं.

त्यांच्या लेखी शतकं म्हणजे कालपरवा. एक गोष्ट मात्र ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचेच, आणि ती ऐकल्याशिवाय कुणाला टाकीत सोडायचे नाहीत. फार पूर्वी आर्मेनियाचे राजे अनाहित देवीला हार घालायचे. ग्रिगोर नावाच्या ख्रिस्ती माणसाने हार घालायला नकार दिला. त्यात तो निघाला राजाच्या बापाच्या मारेकऱ्याचा मुलगा. राजाने त्याला सापांनी भरलेल्या खोल विवरात टाकलं. तेराएक वर्षं! गडावरची एक विधवा रोज वरून भाकरी टाकायची, बस. पुढे राजाने आसऱ्याला आलेल्या ख्रिस्ती कुमारिकांची कत्तल केली आणि त्याला वेड लागलं. रानडुकरासारखा तो झाडीत फिरू लागला. बहिणीला स्वप्न पडलं, विवरातल्या माणसाला बाहेर काढा, तोच राजाला बरं करील. लोक म्हणाले, आता आत हाडं तरी असतील का? तरी एका सरदाराने दोर सोडला, हाक मारली... आणि दोर हलला. ग्रिगोर वर आला, राजा बरा झाला आणि सगळा देश ख्रिस्ती झाला. "रोम के पहले," हे सार्किसभाई छाती फुगवून सांगायचे.

मग सूर बदलायचा. "वो औरत नीचे गया? सरदार गया? कोई नहीं गया. ऊपर खड़ा रहा, इसलिए वो बचा." आमच्या कामाची सगळी शिस्त त्यांनी या गोष्टीतून काढली होती. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. वर बसेल त्याने दुसरं काही म्हणून करायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने त्यांच्या भाषेत हाक मारायची, "होस एस?", म्हणजे इथे आहेस का? खालच्याने दोर हलवायचा. नाही हलला तर ओढून घ्यायचा, आणि आभाळ कोसळलं तरी त्याच्या मागोमाग उतरायचं नाही. कारण आपल्या माणसांची खोड त्यांना ठाऊक होती. एक जण आतल्या कोंडलेल्या हवेने बेशुद्ध पडला की दुसरा उडी घेतो, त्याला काढायला तिसरा. गावच्या विहिरींतही हेच होतं.

रुवीतल्या एका इमारतीच्या टाकीत माझ्यावरच ती वेळ आली. एकाएकी गुडघ्यांतलं बळ गेलं आणि गाढ झोप यावी तसं वाटलं. वरची हाक ऐकू येत होती, पण हात उचलेना. तेवढ्यात मरणाची भीती काय असते ते कळलं. ती छातीत नाही, जिभेवर येते, कडू. वर आमचा गुहागरचा संदीप उडी घ्यायला निघाला होता. सार्किसभाईंनी त्याला कोपराने मागे लोटलं आणि दोघांनी मिळून मला ओढलं. शुद्धीवर आलो तेव्हा सार्किसभाई माझ्याशेजारी बसून थरथर कापत होते. तोवर मला वाटायचं, घाबरट काय तो मीच.

त्या दिवशी गालामध्ये काय झालं ते मला संदीपने हॉस्पिटलच्या खाटेवर सांगितलं. टाकी कोरडी दिसत होती. सार्किसभाई पिकअपमधून दोर आणायला गेले होते. तेवढ्यात संदीपच्या हातातून बॅटरी आत पडली आणि तो ती उचलायला तसाच उतरला. "वाटलं, दोन मिनिटांचं काम, दादा... पुढचं काय ते आठवत नाय." पुढचं ड्रायव्हरने पाहिलं. सार्किसभाई आले, त्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. हलायला दोरच नव्हता. मग त्यांनी दोराचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात दिलं, "मैं हिलाएगा, तुम खींचना," म्हणाले आणि उतरले. दोर हलला. ड्रायव्हरने ओढला तर दोराला बांधलेला संदीप वर आला. दोर सोडवून त्याने पुन्हा आत टाकला, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तो खाली उतरला नाही. त्याला तसंच शिकवलं होतं आणि त्यासाठीच तो अजून रडतो.

मस्कतमध्ये आम्हाला आर्मेनियन पाद्री मिळाला नाही, तेव्हा आमच्याच फादरांनी प्रार्थना म्हटल्या. शवपेटी दोरांवरून खाली सोडली. मी, संदीप आणि ड्रायव्हर, तिघंही त्या दोरांकडेच बघत होतो. एकानेही मान वर केली नाही.

लोक म्हणतात, केवढा शूर माणूस! असेल. मला मात्र त्या शौर्याची धडकी भरते. ज्याने आम्हाला जन्मभर वर उभं राहायला शिकवलं, त्यालाच शेवटी उभं राहवलं नाही... तिथे माझी काय कथा? अर्बाबने, म्हणजे मालकाने, आता फोरमन मला केलंय. हवा सोडायचा पंखा आणलाय, गॅस तपासायचं यंत्र आणलंय. ते यंत्र टाकीतली हवा सांगतं, माझ्या मनातलं काही त्याला कळत नाही. खालून उत्तर आलं नाही तर मी वर थांबेन की उतरेन? घरी बायको मरिया विचारते, जेवत का नाही, तेव्हा हे तिला कसं सांगू?

गेल्या आठवड्यात पहिली टाकी उघडली. सार्किसभाई बसायचे तो रंगाचा उलटा डबा अजून पिकअपमध्येच होता. तो मी टाकीच्या तोंडाशी ठेवला आणि बसलो. संदीपला उतरण्याची सक्ती नव्हती, पण त्याने आपण होऊन कमरेला दोर बांधला. मी दुसरा दोर काढला, एक टोक पिकअपच्या हुकाला अडकवलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"हा मला बांध."

"दादा, तुम्ही तर वरच थांबणार ना?"

"म्हणूनच बांध."

तो माझ्यामागे गेला आणि माझा हात पोचणार नाही अशी पाठीवर गाठ मारली.