देवघराखालचा डबा

आमच्या घरात पैसा टिकत नसे, कारण बाबा 'नाही' म्हणायला शिकलेच नव्हते. ते अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर. पगार झाला की कोणीतरी गाववाला आमच्या बोरिवलीच्या खोलीत चहाला हजर. कुणाच्या मुलीची फी, कुणाचं भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट. पुढेपुढे तर कुणी यायचेही कष्ट घेत नसे. फोनवर मागायचे आणि बाबा फोनवरूनच पाठवून द्यायचे. "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय," म्हणून आई चडफडायची. मला त्या गाववाल्यांचा मनस्वी राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही.

मग आईने देवघराखाली स्टीलचा एक डबा ठेवला, झाकणाला कुंकू लावलं आणि जाहीर केलं, की हे पैसे गावच्या देवाचे, देवळाच्या कामासाठी. देवाचे पैसे कोण मागणार? बाबाच दर पगाराला त्यात एक नोट टाकून हात जोडायला लागले. आई तोंड फिरवून हसायची. अडीनडीला घरात काहीतरी असावं, एवढाच तिचा हेतू होता. डबा वर्षानुवर्षं भरत गेला.

गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखू लागलं. बायपास करावी लागेल आणि थांबून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. विम्यातून थोडं भागणार होतं, सगळं नाही. आईने डब्याचं नाव काढताच बाबा हॉस्पिटलच्या कॉटवर उठून बसले.

"देवाचे पैशे आसत ते. हात लावचो नाय. मी मेलंय तरी चलात."

त्यांनी डॉक्टरांनाही नकार कळवून टाकला. ज्या माणसाला जन्मभर 'नाही' म्हणता आलं नाही, त्याला ते नेमकं तेव्हा जमलं. मी घाबरून गेले होते.

शेवटी आई कॉटच्या कडेला बसली.

"देवाचे नाय ते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यापासून लपवूक देवाचा नाव घेतलंय मी."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आता हे काही ऐकत नाहीत, असंच मला वाटलं. पण संध्याकाळी जेवणाचं ताट बाजूला सारून ते आईला एवढंच म्हणाले, "सांग डॉक्टराक."

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर चप्पल काढून बाबा आधी देवघरापाशी गेले. डबा रिकामाच होता. त्यांनी खिशातली एक नोट त्यात टाकली आणि छाती सांभाळत, उभ्यानेच हात जोडले.

आईला रडू आवरेना. "अवो, सांगितलंय मा तुमका, देवाचे नाय ते."

बाबांनी जोडलेले हात तसेच ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"मगे मी कोणाच्या पैशान वाचलंय?"