ताईंच्या निळ्या काचा

ताईंचा स्वभावच संशयी. नवऱ्यानं आपणहून चहा करून दिला, तरी विचारायच्या, "काय फोडलंस?"

प्रयोगशाळेत त्या सेंद्रिय अर्धवाहकांवर काम करायच्या. काचेवर निळ्या रंगद्रव्याचा इतका पातळ थर चढवायचा, की त्यापुढे केसही दोरखंड वाटावा. मग त्यातून वीज किती सहज धावते ते मोजायचं. नवे थर झकास निघत. पण डब्यात ठेवून काही दिवसांनी मोजले, की प्रवाह पार निम्म्यावर आलेला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे थर मात्र ठणठणीत. त्याला सगळे 'हसरा' म्हणत. वरच्या पदासाठी दोघांचीही नावं चर्चेत होती. ताईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी हसऱ्याबरोबर जेवायला बसणं बंद केलं. एक दिवस डब्याच्या झाकणावर आपला केस चिकटवला आणि मीटिंगला गेल्या. परतल्या, तर केस तुटलेला.

"माझ्या डब्याला हात लावलास?"

"लावला की. रोजच लावतो."

"आणि वर तोंड करून सांगतोस?"

"अहो, दुपारी तुमच्या टेबलावर थेट ऊन येतं, माझ्या टेबलावर येत नाही. थर नासतील म्हणून डबा कपाटात सरकवतो, तुम्ही यायच्या आत जागेवर ठेवतो."

ताईंना ही शुद्ध थाप वाटली. त्यांनी नवे थर केले. काही आपल्या खणात ठेवले, काही कपाटात, आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी खणातले थर ठीक, कपाटातले मरगळलेले. कुणी शिवलंसुद्धा नव्हतं! ताईंनी कपाटात डोकं घातलं, तर उग्र वास नाकाला झोंबला. तळाशी काचा पुसायच्या अमोनियाची बाटली होती, झाकण सैल. तिची वाफ थरात शिरून विजेची वाट अडवत होती. थर हलकेच तापवल्यावर वाफ निघून गेली आणि प्रवाह बराचसा परत आला.

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तूच..."

"तुम्ही जेवायला येईनाशा झालात, तेव्हाच कळलं होतं," हसरा म्हणाला. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

पद शेवटी तिसऱ्याच कुणाला मिळालं. दोघं पुन्हा एकत्र जेवू लागले. पण ताईंच्या टेबलाजवळून जाताना हसरा आता दोन्ही हात वर करून मोठ्यानं म्हणतो, "ताई, नुसता चाललोय हं!" सगळे हसतात, ताईही हसतात. ही थट्टा की टोमणा, हे मात्र त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.